फुटक्या सुपातलं घरटं

"ती काठी खाली ठेवा, दीनाबाई. तो बाप आहे."

सासूबाईंनी हे मान वर न करताच म्हटलं. पडवीत पाटावर बसून त्या वालाच्या डाळिंब्या सोलत होत्या. मी विहिरीवरून आले होते. कळशी कमरेवर तशीच राहिली. दीनाआत्या स्टुलावर चढलेल्या. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायची काठी, आणि काठीचं टोक वाशाला अडकवलेल्या आमच्या फुटक्या सुपापासून हातभरावर. सुपात होला बसला होता. त्यानं मान जरा वाकडी करून काठीकडे पाहिलं आणि या बाईशी आपलं काही देणंघेणं नाही अशा थाटात पुन्हा समोर बघायला लागला.

"बाप?" आत्या म्हणाल्या. "अंड्यांवर बसलंय ते बाप कसं असेल, वहिनी?"

"आमच्याकडचे बाप बसतात. मुंबईचं मला माहीत नाही."

"तुम्हाला कसं कळलं बाप आहे ते? दोन्ही सारखीच तर दिसतात."

"आईच्या शेपटीतलं एक पीस मोडलंय. ती चार-साडेचारला येते आणि सकाळी जाते. दिवसभर हा. उतरा आता, स्टुलाचा एक पाय लुळा आहे."

आत्या उतरल्या. मी मात्र चकित होऊन सासूबाईंकडे बघत राहिले. मोडक्या पिसाची गोष्ट फक्त मला माहीत आहे असं मी समजत होते. गेले दहा दिवस कामाच्या मधेमधे मी चोरून त्या सुपाकडे बघत होते, आणि मला वाटायचं, मी बघते ते कुणी बघत नाही.

ही सत्तावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते आणि लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आमचं गाव अलिबागच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं. तिथं आम्हा बेने इस्राएलांची पंधरा घरं होती. एक लहानसं सिनेगॉग होतं, त्याला गावातली बाकीची माणसं ज्यूंची मशीद म्हणत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणत असू. माझे यजमान हन्नोक पोस्टात होते. घरात आम्ही तिघंच: ते, मी आणि सासूबाई. त्यांचं नाव शेगुलाबाई. वय चौसष्ट. बोलणं कमी, आणि जे असे ते असं तिरकं, की हसावं का रडावं ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. मला अकरा वर्षांत ते नीटसं ठरवता आलं नव्हतं.

दीनाआत्या म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांची धाकटी बहीण. माझगावला राहायच्या, दर उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्याकडे यायच्या आणि आल्या दिवसापासून घर सुधारायला घ्यायच्या. त्या वर्षी सुधारायला मी होते. माझगावातल्या कुणा बाईला म्हणे चौदा वर्षांनी मुलगा झाला होता. का, तर तिनं घरट्यावर बसलेल्या पाखराच्या आईला उडवून देऊन अंडी उचलली होती. शास्त्रात तशी आज्ञाच आहे. आत्यांनी पडवीतला होला पाहिला आणि त्यांना माझगावची बाई आठवली.

"उडवायची ती आईच उडवायची ना?" आत्या काठी भिंतीला टेकवत म्हणाल्या. "मग चार वाजता उडवू. केतुरा, आज डोक्यावरून आंघोळ कर."

"बेंजामिनभाऊंना विचारल्याशिवाय नको," सासूबाई म्हणाल्या. "आज्ञा आहे, दीनाबाई, खेळ नाही. चुकलं तर उलटं व्हायचं."

"उलटं म्हणजे?"

"ते मला काय माहीत! म्हणून तर विचारायचं."

बेंजामिनकाका सिनेगॉगात प्रार्थना चालवायचे. गावात हिब्रू नीट वाचता येणारे ते एकटेच. हन्नोक दुपारी जाऊन बघून आले, तर काका अलिबागला गेलेले, उद्या येणार. आत्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना रविवारी सकाळची एसटी पकडून रेवसला लाँच गाठायची होती, आणि आज बुधवार.

त्या दुपारी मी माजघरात तांदूळ निवडत होते. पडवीतलं बोलणं ऐकू येत होतं. आत्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यातून मला ऐकू यावं अशीही त्यांची इच्छा असावी.

"मी वर्षभर वाट बघा म्हणतेय, वहिनी. हे होल्याचं करू. तरी नाही झालं काही, तर माझ्या नणंदेची रिबका आहे. एकोणीस वर्षांची, नाकीडोळी नीटस. केतुराला कुणी घराबाहेर काढा म्हणत नाही. राहू दे तीही. पण आमच्या भावाचं नाव चालायला नको?"

आमच्यात तेव्हा दुसरी बायको करणं अगदीच नवलाचं नव्हतं. हन्नोकच्या चुलत्यांच्या घरात दोघी होत्या आणि दोघींच्या दोन चुली होत्या. मी तांदळात बोटं घालून तशीच थांबले. सासूबाई आता काय म्हणतात? डाळिंबी टपकन पातेल्यात पडल्याचा आवाज आला. मग दुसरी पडली.

"आधी होल्याचं तर होऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

बस्स, एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत. मी तांदूळ निवडले, धुतले, चुलीवर चढवले, आणि त्यात मीठ घालायला विसरले. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आज भात दीनाबाईंच्या प्रकृतीला मानवेल असा केलाय," आणि मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

*

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बेंजामिनकाका आले. किडकिडीत, पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी, काखेत पिवळ्या पडलेल्या कागदांचं पुडकं. सुपात आता मोडक्या पिसाची आई बसली होती. काकांनी चष्मा पुसून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"होला चालतो," ते म्हणाले. "कावळा चालत नाही, घार चालत नाही. खायला चालणारा पक्षी हवा. आणि शेगुलाबाई म्हणतात ते बरोबर आहे. होल्या-पारव्यांत नर दिवसा बसतो. नराला उडवून काही साधत नाही. आज्ञा आईबद्दल आहे. म्हणून वेळ एकतर उन्हं कलल्यावर, नाहीतर सकाळी, तो येण्याच्या आत."

"मग आत्ताच करू," आत्या पदर खोचत म्हणाल्या.

"थांबा. पक्षी कुणाच्या मालकीचा असून चालत नाही. कोंबडी नाही, पाळलेलं कबूतर नाही."

"होला काय आमचा आहे?"

"होला नाही. पण घर तुमचं, वासा तुमचा, सूप तुमचं. तुमच्या सुपात पडलेलं अंडं तुमचं झालं का नाही, यावर दोन मतं आहेत."

"आणि तुमचं मत?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन असताना तिसरं कशाला?" काका म्हणाले. "त्यापेक्षा आधी सांगून मोकळं व्हावं. तीन माणसांसमोर म्हणायचं, ही अंडी आमची नाहीत, ज्याला हवीत त्यानं न्यावीत. सुपासकट म्हणायचं."

"आणि शेजारच्या मांजरानं ऐकलं तर?"

"वहिनी!" आत्या ओरडल्या.

तीन माणसं हवी होती. एक काका स्वतः, दुसरे हन्नोक चालतील का यावर पुन्हा दोन मतं निघाली. शेवटी खालच्या आळीतून तेलाचा घाणा चालवणाऱ्या दोघा भावांना बोलवायचं ठरलं. ते येईपर्यंत काका पडवीत बसून इतर नियम सांगत होते. काठीनं ढोसायचं नाही. हळूच हात पुढे करायचा, ती उडाली की अंडी दोन्ही हातांत घ्यायची आणि चार बोटं वर उचलायची. तेवढ्यानं आज्ञा पुरी होते. मग हवं तर परत ठेवावीत.

"परत?" आत्यांना ते पटलं नाही.

"परत ठेवली तर चालतात. न्यायलाच हवीत असंही काही जण म्हणतात."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत विचारलं, "काका, आईला आधी उडवायची कशासाठी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काही विचारावं याची त्यांना सवय नव्हती.

"तिच्या डोळ्यांदेखत तिची पिल्लं उचलू नयेत म्हणून. निदान मला तरी तसं वाटतं. काही म्हणतात, कारण शोधू नये, आज्ञा आहे ती करावी."

मी कपबशा घ्यायच्या निमित्तानं आत गेले. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला डोळा लागलेला असताना तिला घेऊन गेले. मी जागी असताना न्यायचं कुणाच्यानं झालं नव्हतं. घरात त्यावर नंतर कधी कुणी बोललं नाही.

घाण्याचे दोघे भाऊ आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई सुपाखाली उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कोर्टात सांगावं तसं म्हणाल्या, "हे सूप आणि त्यातली अंडी माझी नाहीत. अंडी तर माझी कधीच नव्हती. सूप माझ्या सासूबाईंचं होतं, तेही त्यांनी मला राजीखुशीनं दिलेलं नव्हतं."

धाकटा भाऊ हसला. आत्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण आता अंधारायला लागलं होतं, आणि काका म्हणाले, काळोखात पक्षी बुजतो, धडपडतो, अंडी फोडतो. उद्या सकाळी उजाडताना करा.

"मी पहाटे सगळ्यांना उठवते," आत्या म्हणाल्या. "माझी झोप सशाची आहे."

शुक्रवारी मी उठले तेव्हा तांबडं फुटत होतं. सासूबाई चुलीपाशी होत्या. आत्या ओटीवर कुशीवर वळून झोपलेल्या, आणि त्यांच्या घोरण्यानं दाराची कडी हलतेय की काय असं वाटत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

आत्या साडेआठला जाग्या झाल्या. धडपडत पडवीत आल्या तोवर वर पाळी बदलत होती. बाप सुपाच्या काठावर येऊन उभा राहिला, आई बाजूला सरकली, आणि मोडकं पीस आमच्या डोक्यावरून वाडीत उडून गेलं.

"मला उठवलं का नाही?"

"पाहुण्या माणसाची झोप कशी मोडायची, दीनाबाई? आणि म्हटलं, सशाची झोप आहे. ससा उठेलच."

शुक्रवार संध्याकाळपासून शब्बाथ, आमचा कामबंदीचा दिवस. सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, दिवे लावायचे. उन्हं कलली तशा आत्या पुन्हा सुपाखाली घुटमळायला लागल्या, पण नेमका तेव्हाच सासूबाईंनी त्यांना नारळ खवायला बसवलं. नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण आत्यांच्या हातचंच चांगलं होतं, असं त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी आत्यांच्या हाताची स्तुती केलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. खोवणी थांबली तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती, आणि शनिवारचा दिवसभर शब्बाथच. राहिली ती रविवारची पहाट.

शब्बाथचा दिवस मला जड गेला. काम नव्हतं, त्यामुळे हात रिकामे. दुपारी हन्नोक वाडीत बाजेवर पडले होते. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले.

"रिबकाचं ऐकलंत तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी डोळ्यांवरचा हात काढला नाही. "आत्याचं असतंच काहीतरी."

"पण तुमचं काय?"

"आई बघेल," ते म्हणाले.

मला असा संताप आला की मी उठून विहिरीवर गेले आणि उगाचच पाणी काढायला रहाटाला हात घातला. मग आठवलं, आज शब्बाथ. रहाट सोडला. पाणीसुद्धा काढता येत नव्हतं. विहिरीच्या काठावर बसून रडायला मात्र कुठल्या दिवसाची मनाई नव्हती.

*

रविवारी आत्या सगळ्यांच्या आधी उठल्या. बहुतेक झोपल्याच नव्हत्या. ट्रंक दोरीनं बांधून अंगणात आणून ठेवलेली. सहाची एसटी. बेंजामिनकाका मफलर गुंडाळून आले, मे महिन्यात. पूर्वेकडं पोफळींच्या मागं आभाळ नुकतं करडं झालं होतं. सुपात मोडकं पीस शांत बसलेलं.

"चढ," आत्या मला म्हणाल्या.

हन्नोकनी स्टूल धरलं. मी चढले. सूप माझ्या डोळ्यांच्या रेषेत आलं. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गळ्याभोवती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी, आणि मण्यासारखा लालसर डोळा. तो माझ्यावर रोखलेला. मी हात पुढे केला. ती उडाली नाही. अंग फुगवून अंड्यांवर आणखी घट्ट बसली. माझी बोटं तिच्या छातीला लागली आणि आतली धडधड मला बोटांत कळली.

"हं, लोट जरा," खालून आत्या म्हणाल्या.

मी हात लावून तशीच उभी राहिले.

"केतुरा, उजाडतंय! बाप यायचा!"

"उतर," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, मीच ऐकण्यात चुकले. खाली पाहिलं. सासूबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळून घेतला होता.

"उतर, म्हटलं. मी चढते."

"तुम्ही?" आत्या म्हणाल्या. "तुम्हाला काय करायचंय, वहिनी? या वयात?"

"थांबा. बेंजामिनभाऊ, एक विचारते. ही आज्ञा पाळली तर काय मिळतं म्हणून शास्त्रात लिहिलंय? लोक म्हणतात ते नको. लिहिलेलं सांगा."

काका खाकरले. "लिहिलंय एवढंच, की तुझं भलं होईल आणि तुझं आयुष्य वाढेल."

"मुलाबाळांचं?"

"मुलाबाळांचं... तसा शब्द नाही. ते पुढं लोकांनी जोडलं असावं."

"आणि ही फक्त सुनांनीच पाळायची, असं आहे?"

"छे, छे. कुणीही पाळावी."

"मग आयुष्य मला हवंय," सासूबाई म्हणाल्या, आणि मी उतरायच्या आत त्यांनी स्टुलावर एक पाय ठेवला.

"अहो, पडाल!"

"पडेन कशी, दीनाबाई? आयुष्य वाढवायलाच चढतेय."

हन्नोकनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं, मी सासूबाईंची कंबर धरली. त्यांनी हात पुढे केला. मोडक्या पिसानं त्यांच्या मनगटावर पंखाचा सणसणीत फटका मारला. सासूबाई म्हणाल्या, "मार, बाई, तुझा हक्कच आहे. पण दोन मिनिटं जा." आणि ती खरंच फडफडत उडाली, समोरच्या पोफळीवर जाऊन बसली. सासूबाईंनी दोन्ही अंडी ओंजळीत घेतली, चार बोटं वर उचलली. काका पुटपुटत होते. मग सासूबाईंनी अंडी जिथल्या तिथं ठेवली, हलक्या हातानं काड्या सारख्या केल्या, आणि खाली उतरायच्या आधी, स्टुलावरूनच, आत्यांकडं वळल्या.

"दीनाबाई, आता ऐका. मी जिवंत आहे तोवर या घरात दुसरी सून यायची नाही. आणि मी किती दिवस जिवंत राहणार, ते आत्ताच तुमच्यासमोर ठरलंय."

आत्यांचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी काकांकडं पाहिलं, निदान काका तरी काही म्हणतील म्हणून.

काकांनी चष्मा काढून पुसला. "यावर मात्र दोन मतं नाहीत," ते म्हणाले.

रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, एसटी निघायच्या बेतात आहे. हन्नोकनी ट्रंक खांद्यावर घेतली. आत्यांनी चपला घातल्या, दाराच्या चौकटीवरच्या मेजुजाला, शास्त्रवचनाच्या डबीला, बोट लावून बोट ओठांना लावलं, दोनदा काहीतरी बोलायला वळल्या आणि दोन्ही वेळा हन्नोक म्हणाले, "आत्या, लाँच चुकेल." काका त्यांच्याबरोबरच निघाले. अंगणात बघता बघता कुणी उरलं नाही.

*

मी आणि सासूबाई पडवीत उभ्या होतो. समोरच्या पोफळीवर मोडकं पीस मान इकडून तिकडं करत होतं. सासूबाई मनगट चोळत होत्या.

"हे तुम्ही केव्हा ठरवलंत?" मी विचारलं.

"बुधवारी. डाळिंब्या सोलताना."

"मग मला का नाही सांगितलंत? चार दिवस मी..."

"तुझ्या तोंडावर सगळं लगेच दिसतं. तू हसली असतीस, आणि दीनाबाईंना कळलं असतं. आणि बुधवारीच बोलून टाकलं असतं तर त्यांनी चार दिवस उत्तरं देऊन माझं डोकं खाल्लं असतं. आज एसटी होती."

"म्हणून शुक्रवारी त्यांना उठवलं नाहीत?"

"उठवणार कशी? कडी हलत होती, ती पडेल म्हणून मला भीती."

मला हसू आलं.

"मग आज आधी मला वर का चढवलंत?"

सासूबाई सुपाकडं बघत राहिल्या.

"म्हटलं, तुझ्या मनात असेल तर मी आड कशाला येऊ? मूल हवं असेल तुला. माझ्यापेक्षा तुलाच जास्त हवं असेल," त्या म्हणाल्या. "पण तुझा हात बघितला. एकदा तुला झोपेत ठेवून मी तिला न्यायला लावलंय. ती माझीच अक्कल होती, केतुरा. बरी होती का वाईट, मला अजून कळलेलं नाही. पण तसलं काही तुझ्या हातून व्हावं, असं नाही वाटलं."

त्या मुलीबद्दल त्यांनी माझ्याजवळ तोंडातून काढलेला तो पहिला शब्द.

पुढचं सांगून टाकते, कारण ऐकणारे तेच आधी विचारतात. मूल झालं का? नाही झालं. आमचं घर तिघांचंच राहिलं, आणि त्याचं मला वाईट वाटायचं ते वाटतच राहिलं. ते काही होल्याच्या हातात नव्हतं. रिबकाचं एका रेल्वेच्या गार्डाशी लग्न झालं, तिला पाच मुलं झाली, आणि दर मे महिन्यात ती पाचही आमच्या वाडीत येऊन कैऱ्या पाडायची. हन्नोक त्या दिवशी रेवसहून परत आले ते दुपारी, घामानं निथळत, आणि मला म्हणाले, "मी आत्याला धक्क्यावर सांगितलं, मलाही दुसरी नको होती. मला कुणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "मी काल विचारलं होतं." त्यावर त्यांनी पुष्कळ वेळ मान खाली घालून चपलेची धूळ झटकली. सासूबाई त्र्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, शेवटच्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातानं डाळिंब्या सोलत. बेंजामिनकाका होते तोवर त्याचं श्रेय शास्त्राला द्यायचे. सासूबाई वालांना द्यायच्या. सुपातली दोन्ही पिल्लं जूनच्या सुरुवातीला उडाली.

पण मला आठवते ती त्या सकाळची पुढची दहा मिनिटं. ऊन पडवीच्या कडेला लागलं होतं. मोडकं पीस पोफळीवरून वळचणीवर, वळचणीवरून वाशावर असं करत करत आलं आणि सुपाच्या काठावर उतरलं. आत वाकून पाहिलं. मग अंग हलवत, काड्या सारख्या करत, अंड्यांवर बसलं.

सासूबाई चुलीकडं वळल्या. सकाळचा पहिला चहा नेहमी त्यांचा असायचा. त्या चुलीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मनगटावर लाल वळ उठला होता. चालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"आई, तू बस," मी म्हटलं. "चहा मी करते."

ती थांबली. वळून माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चहा करते म्हटलं."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

माझे कान गरम झाले. अकरा वर्षं 'अहो आई' म्हणत आले होते, आणि ते तोंडातून कसं निसटलं ते माझं मलाच कळलं नव्हतं.

"तू बस, म्हटलं."

"हं," ती म्हणाली, आणि पाट ओढून बसली.